हाक मदतीची, दारात खाकी

रात्रीची वेळ. घरातला तरुण मुलगा दोन दिवस झोपलेला नाही. आपल्या जेवणात कुणीतरी विष कालवते आहे असे तो म्हणतो, स्वयंपाकघराची कडी आतून लावून बसला आहे आणि हाक मारणाऱ्या प्रत्येकावर ओरडतो आहे. आई ११२ क्रमांक लावते. तिला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: तो स्वतःला काही करून घेईल अशी भीती वाटते, आणि जे कुणी येतील त्यांनी त्याला मारू नये.

असे घर गोव्यातील कोणत्याही वाड्यावर असू शकते. पुढे काय होते याची कल्पना करणेही अवघड नाही. पोलिसांचे वाहन येते, त्यावरचा दिवा फिरत राहतो, शेजारची दारे उघडतात. गणवेशातले दोघे-तिघे दारावर थाप मारून मोठ्या आवाजात बाहेर यायला सांगतात. कुणीतरी आपल्याला न्यायला येणार, ही आतल्या मुलाची भीती खरी ठरलेली असते.

यात पोलिसांचा दोष काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आज्ञा देणे आणि ती पाळली न गेल्यास बळ वापरणे, हे त्यांचे शिक्षण. भ्रमात असलेल्या माणसाला आज्ञा कळतेच असे नाही. आवाज चढला की त्याचीही भीती चढते. अशा वेळी पोलिसांबरोबर, किंवा त्यांच्याऐवजी, प्रशिक्षित समुपदेशकाने जावे की नाही, हा प्रश्न जगातील अनेक शहरांनी गेल्या काही दशकांत विचारला. उत्तरे एकसारखी निघाली नाहीत, काही फसलीही. गोव्याने ती पाहून ठेवणे उपयोगाचे आहे, कारण या कामाला लागणारे बरेचसे सुटे भाग येथे आधीपासून आहेत.

आधी कायदा पाहू. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली, किंवा आजारामुळे तिच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका आहे असे मानण्यास कारण असेल, तर तिला संरक्षणात घेणे हे पोलीस स्थानकाच्या प्रमुखाचे कर्तव्य ठरते. त्या व्यक्तीला लवकरात लवकर आणि फार तर २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. कोणत्याही परिस्थितीत तिला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात अशा व्यक्तीला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागे. नव्या कायद्याने न्यायालयाची पायरी काढून तेथे इस्पितळाची पायरी घातली. बदल मोठा आहे. पण दारापासून इस्पितळापर्यंतच्या वाटेवर मात्र या कलमाला पोलिसाखेरीज दुसरा कुणी दिसत नाही.

याच कायद्याचे कलम २१ सांगते की शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या पद्धतीने आणि ज्या दर्जाची रुग्णवाहिका सेवा मिळते, तशीच ती मानसिक आजाराच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे. कलम ३० पोलिसांना ठरावीक काळाने संवेदनशीलतेचे प्रशिक्षण द्यायला सांगते, तर कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला खटला व शिक्षा यांपासून वाचवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून तर भारतीय दंड संहितेतील ३०९ हे जुने कलमच गेले. सरकारी सेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी वा त्यावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला. कागदावरचा हा सगळा प्रवास पोलिसाकडून डॉक्टरकडे चालला आहे. फोन करणाऱ्याला मात्र तो दिसत नाही. त्याच्या मनात अजूनही ‘पोलीस केस होईल’ हीच धास्ती असते, आणि म्हणून पुष्कळ घरांतून फोन होतच नाही, किंवा फार उशिरा होतो.

परदेशात या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले गेले. एक बाजू म्हणते, पोलिसांनाच शिकवा. १९८७ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात, हातात सुरी घेऊन स्वतःला इजा करून घेणाऱ्या एका मनोरुग्ण तरुणाला पोलिसांच्या गोळ्या लागून मृत्यू आला. त्यानंतर शहराने पोलिसांतून स्वेच्छेने पुढे आलेल्यांना ४० तासांचे विशेष प्रशिक्षण देणारी पद्धत १९८८ मध्ये सुरू केली. ती पुढे अमेरिकेत शेकडो ठिकाणी गेली. दुसरी बाजू म्हणते, जेथे गुन्हा नाही तेथे पोलीस पाठवूच नका.

या दुसऱ्या बाजूचे सर्वांत जुने आणि सर्वाधिक गाजलेले उदाहरण ऑरेगन राज्यातील युजीन हे शहर. लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या एखाद-दोन तालुक्यांइतकी. व्हाइट बर्ड क्लिनिक या संस्थेने १९८९ मध्ये शहराच्या सहकार्याने तेथे ‘कहूट्स’ नावाची फिरती सेवा सुरू केली. या इंग्रजी शब्दाचा अर्थ संगनमत. व्यवस्थेवर रागावलेल्या तरुणांनी काढलेल्या या संस्थेने पोलिसांशी हातमिळवणी केली, म्हणून तिने स्वतःचीच अशी थट्टा करून घेतली. एका पांढऱ्या गाडीत दोघे जात: एक परिचारिका किंवा प्राथमिक वैद्यकीय मदतीत तयार झालेला, आणि दुसरा संकटकाळी बोलण्याचे शिक्षण घेतलेला. शस्त्र नाही, गणवेश नाही, अटकेचा अधिकार नाही. फोन मात्र पोलीस आणि अग्निशमन यांच्याच नियंत्रण कक्षात येई, आणि कोणती गाडी पाठवायची हे तेथेच ठरे. या सेवेचा खरा कणा होता तो हा. लोकांना नवा क्रमांक पाठ करावा लागत नव्हता.

२०१९ मध्ये या गाडीकडे सुमारे २४ हजार फोन गेले, आणि त्यांतील ३११ वेळाच तिने पोलिसांना कुमक म्हणून बोलावले, असे युजीन पोलिसांच्याच आकडेवारीत दिसते. शंभरातले एक-दोन प्रसंग. शहरातील फोनांपैकी १७ टक्के भार ही सेवा उचलते, असेही त्या काळात सर्वत्र छापून येई. पोलिसांच्या विश्लेषकांनी बारकाईने पाहिले तेव्हा चित्र थोडे बदलले. गाडीकडे येणाऱ्या पुष्कळ हाका अशा होत्या की ज्यांवर पोलीस एरवीही गेले नसते: कुणाला निवाऱ्यापर्यंत सोडणे, कुणाची नुसती विचारपूस. पोलिसांचे काम खऱ्या अर्थाने वाचले ते ५ ते ८ टक्के, असे त्यांचे म्हणणे. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. सेवा चांगली होती, आणि तिच्या नावावर सांगितला जाणारा आकडा फुगवलेला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कुणाला निवाऱ्यापर्यंत सोडणे हेही मोलाचे काम आहे, फक्त ते पोलिसांच्या वाचलेल्या वेळेच्या खात्यात मांडता येत नाही.

तरीही एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधील ही सेवा बंद पडली. गाडीचे काम वाईट होते असे कुणी म्हटले नाही. चालवणाऱ्या संस्थेची आर्थिक घडी विस्कटली आणि शहराबरोबरचा करार संपला. ज्या नमुन्याकडे पाहून अमेरिकेतील इतर शहरांनी आपापल्या योजना आखल्या, तो मूळ नमुनाच पैशांअभावी गेला. साडेतीन दशके चाललेली व्यवस्था अखेर एका स्वयंसेवी संस्थेच्या ताळेबंदावर उभी होती, हे त्या दिवशी उघड झाले. अग्निशमन दल असे बंद पडत नाही.

डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये अशीच सेवा सुरू केली. पहिल्या सहा महिन्यांत ७४८ प्रसंगी ही गाडी गेली आणि एकाही प्रसंगी अटक झाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ही गाडी फिरत होती त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या, आणि हिंसक गुन्हे वाढल्याचे काही दिसले नाही. नोंदी घटण्याचे एक कारण साधे आहे. पोलीस गेले की त्या प्रसंगाची गुन्हा म्हणून नोंद होते, समुपदेशक गेला की होत नाही. पण तेवढेही कमी नव्हे. नोंद झालेला माणूस पुढे नोकरीला, भाड्याच्या घराला मुकतो.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. हंबरसाइड पोलिसांनी २०२० पासून आरोग्यविषयक फोनांवर सरसकट जाणे थांबवले. जिवाला तातडीचा धोका किंवा गुन्हा असेल तरच जायचे, बाकी आरोग्य यंत्रणेने पाहायचे. जुलै २०२३ मध्ये त्यावर राष्ट्रीय पातळीवर सामंजस्य करार झाला आणि ऑक्टोबर २०२३ अखेरीस लंडनच्या महानगर पोलिसांनीही तेच धोरण स्वीकारले. पोलिसांचे तास वाचले यात शंका नाही. इस्पितळाच्या आवारात रुग्णाशेजारी तासन्‌तास बसून राहण्यात त्यांचा वेळ जात होताच. पण आरोग्य सेवेतील लोक आणि रुग्णांच्या संघटना तेव्हापासून एकच विचारत आहेत: पोलीस गेले नाहीत, तर कोण गेले? युजीनमध्ये आधी गाडी आली आणि मग पोलीस मागे सरले. इंग्लंडमध्ये पोलीस मागे सरले, आणि गाडी सर्वत्र पोहोचलेलीच नव्हती.

भारतात आज यातले काय आहे? १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही राष्ट्रीय सेवा सुरू आहे. १४४१६ वर कुठूनही विनामूल्य फोन करता येतो, मराठीतूनही बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. बेंगळुरूची निम्हान्स ही तिची शिखर संस्था. ज्याला स्वतः फोन करण्याइतके भान आणि धीर आहे त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. कडी लावून बसलेला मुलगा मात्र फोन घेणार नाही. त्याच्या आईला फोनवर धीर देता येईल, काय बोलावे आणि काय बोलू नये हे सांगता येईल, आणि त्याचाही उपयोग होतो. दारात मात्र कुणीतरी जावेच लागते.

पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ते बसवण्याचा अनुभव आपल्याकडे अमेरिकेहून उसना आणायची गरज नाही. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच जागेत बसू लागल्या, पण त्या पोलीस नव्हत्या. तक्रार घेऊन आलेल्या बाईला त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येई, आणि खोली पोलिसांच्या आवारात असल्याने समोरच्या पक्षाला बोलावणे आले तर ते टाळता येत नसे. ही पद्धत पुढे महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांत आणि राज्याबाहेरही गेली. मात्र हे काम टेबलाशी बसून चालते. मध्यरात्री रस्त्यावर उतरण्याचा भाग त्यात नाही.

आता गोव्याकडे. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, प्रमाण ०.७५ इतके सांगितले जाते. तेव्हा रात्रीच्या गाडीत डॉक्टर बसवण्याची कल्पना कुणी करू नये. पण डॉक्टर नसलेला माणूस या कामात किती उपयोगी पडू शकतो, याचा जगभर उद्‌धृत होणारा पुरावा गोव्यातच तयार झाला आहे. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या संगत या संस्थेने राज्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेले दोन अभ्यास २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनासाठी तयार केले गेले. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांच्या अभ्यासात, या समुपदेशकांशी ठरावीक बैठका झालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांनी आजाराबाहेर आलेले दिसले. केवळ नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांच्या अभ्यासातही फरक दिसला, पण कमी: ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के.

आरोग्य केंद्राच्या खोलीत आठवड्याला एकदा बोलणे आणि मध्यरात्री कडी लावलेल्या दारापलीकडे बोलणे, यांत अर्थातच अंतर आहे. त्या अभ्यासांनी दुसऱ्या कामाची हमी दिलेली नाही. पण गावातलाच, आपली भाषा बोलणारा, नीट तयार केलेला आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणारा माणूस लोकांना चालतो, एवढे त्यांनी दाखवले. भाषेचा मुद्दा येथे मोठा आहे. कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड अशा चार भाषांत धीर देऊ शकणारी माणसे एकाच राज्यात लागतात. बांधकामावरच्या मजुराची घालमेल कोकणीतून शांत होत नाही.

दारूचा उल्लेख ओघात आला, पण गोव्यात तो मधोमध ठेवायला हवा. ‘पिऊन धिंगाणा घालतो आहे’ अशी तक्रार आली की पोलीस त्या माणसाला उचलतात आणि उतरेपर्यंत बसवून ठेवतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत त्याला कंप सुटतो, नसलेल्या गोष्टी दिसू-ऐकू लागतात, ताप चढतो, कधी झटके येतात. वरवर पाहता तो पिऊन तर्र झालेलाच वाटतो. प्रत्यक्षात ही दारू न मिळाल्याने ओढवलेली वैद्यकीय आणीबाणी असते, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणजे कोठडीबंदीचे ते कलम या माणसालाही लागू होते. हे रात्रपाळीच्या हवालदाराला एकट्याने ओळखता यावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. शेजारी प्रशिक्षित माणूस असेल तर ओळखता येते.

उलट दिशेचा धोकाही सांगितला पाहिजे. बायकोला मारणारा नवरा समुपदेशक येताच ‘मनाने आजारी’ ठरू नये. घरातल्या मारहाणीच्या तक्रारीचे समजुतीत रूपांतर करण्याची सवय आपल्या यंत्रणेला आधीपासूनच आहे. तिला आणखी एक निमित्त मिळायला नको. म्हणूनच कोणत्या फोनवर कोण जाणार याची वाटणी फोन घेतानाच व्हावी लागते. शस्त्र असेल, दुसऱ्याला मारहाण झाली असेल, तर पोलीस पुढे आणि समुपदेशक मागे. नसेल तर समुपदेशक पुढे, आणि पोलीस दिसणार नाहीत इतक्या अंतरावर.

आणखी एक गाठ आहे, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. रुग्णाच्या आजाराची गोपनीयता हा कलम २३ नुसार त्याचा हक्क आहे. समुपदेशक पोलिसांच्या वाहनातून आला आणि समोरच्याने विश्वासाने अमली पदार्थाचे नाव घेतले, तर ते पोलीस स्थानकाच्या डायरीत जाणार का? जाणार असेल, तर दुसऱ्या वेळी कुणी बोलणार नाही. गाडी आणि नोंदवही वेगळी ठेवणे हे यावरचे सरळ उत्तर, आणि म्हणून ही सेवा आरोग्य खात्याकडे असणे बरे. अडचण अशी की ११२ गृह खात्याकडे, तर १०८ आणि १४४१६ आरोग्य खात्याच्या बाजूला. खात्यांमधली ही भिंत ओलांडायची तर मंत्रिमंडळाच्या पातळीवरचा निर्णय लागेल, आणि कंत्राटावर न नेमलेली माणसे. अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणारा समुपदेशक दुसऱ्या वर्षी तेथे असेलच असे नाही. पैसा आटला की पस्तीस वर्षांची सेवाही उभी राहत नाही, हे युजीनने दाखवलेच आहे.

न्यायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे राज्यातील मुख्य सरकारी मानसोपचार केंद्र. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या टोकावरून तेथे पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ घाबरलेला माणूस गाडीत शांत बसेलच असे नाही. कायदा ‘जवळची’ सरकारी आरोग्य संस्था म्हणतो. जिल्हा इस्पितळात रात्री एक शांत खोली, दोन खाटा आणि फोनवर उपलब्ध असलेला तज्ज्ञ एवढी सोय केली, तर पुष्कळांना बांबोळीपर्यंत न्यावेच लागणार नाही. काहींना तर घरातच बोलून, औषध पुन्हा सुरू करून, सकाळी आरोग्य केंद्रात बोलावणे पुरेल.

पहिली गाडी म्हापशात ठेवायची की मडगावात, तिने रात्री आठ ते सकाळी आठ फिरायचे की चोवीस तास, हे नंतर ठरवता येईल. सुरुवात त्याहून स्वस्त जागेतून होऊ शकते. ११२ च्या नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्याच्या समोर चार-पाच प्रश्नांचा एक कागद आणि शेजारच्या खुर्चीत रात्रपाळीला एक समुपदेशक. आत कोण कोण आहे? हातात काही आहे का? कुणाला लागले आहे का? तो कोणाचे ऐकतो? पूर्वी उपचार चालू होते का, आणि औषध किंवा दारू कधीपासून बंद आहे? आज त्या आईला हे कुणी विचारले, तर यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिला ठाऊक असतात.